एसव्हीएन सोडायचं का? आधी फायली बघा

पत्र : आमची १४ जणांची टीम आहे. ११ प्रोग्रामर, ३ डिझायनर. नऊ वर्षांपासून सगळं एकाच एसव्हीएन रेपोत (सबव्हर्जन या, कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या साठ्यात) आहे, रिव्हिजन (नोंदवलेल्या प्रत्येक बदलाचा) नंबर पंधरा हजारांच्या पुढे गेलाय. टीम दोन ठिकाणी बसते आणि दुसऱ्या ठिकाणाहून सर्व्हर इतका हळू चालतो की लॉग (बदलांची यादी) बघायचा तर चहा पिऊन यावं. मागच्या रिलीजला तीन महिन्यांची ब्रँच (कोडची वेगळी चालणारी फांदी) ट्रंकमध्ये (मुख्य कोडमध्ये) मर्ज (एकत्र) करताना चार दिवस गेले. नवी मुलं म्हणतात, गिट या दुसऱ्या साधनावर चला, सगळे प्रश्न सुटतील. जुने म्हणतात, चालतंय ते मोडू नका. शिवाय बाहेरच्या एका कंत्राटदाराला फक्त एकाच फोल्डरचा अ‍ॅक्सेस आहे आणि बग ट्रॅकरमध्ये जिथे तिथे ‘आर ४५१२ मध्ये दुरुस्त’ (म्हणजे ४५१२व्या रिव्हिजनमध्ये) असं लिहिलेलं आहे. काय करावं?
— एक टीम लीड

उत्तर :

आधी निकाल सांगतो, मग कारणं. कोड गिटवर न्या. डिझायनरांच्या मूळ फायली एसव्हीएनमध्येच राहू द्या. कंत्राटदाराच्या फोल्डरचा वेगळा रेपो करा. आणि तो चार दिवसांचा मर्ज गिटमुळे सुटेल ही आशा आजच सोडा, कारण त्या दुखण्याचं औषध गिटमध्ये नाही.

त्या मर्जपासूनच सुरुवात करू. मर्ज करताना एसव्हीएन काय किंवा गिट काय, तीन प्रती समोर ठेवतात: तुमची, समोरच्याची आणि दोघांची जिथून फारकत झाली ती. ओळी जुळवायची रीत जवळपास सारखीच. ती फारकत कुठे झाली हे गिट कमिटांच्या (नोंदवलेल्या बदलांच्या) साखळीतून शोधतं, तर एसव्हीएन ‘मर्जइन्फो’ नावाच्या प्रॉपर्टीत (फाइल-फोल्डरला जोडलेल्या माहितीत) नोंदवून ठेवतं. ही नोंद २००८च्या १.५ आवृत्तीत आली. त्याआधी कुठून कुठपर्यंत मर्ज झालं हे माणसांना कागदावर लिहून ठेवावं लागे, आणि ‘एसव्हीएनमध्ये मर्ज म्हणजे नरक’ ही ख्याती बरीचशी त्या काळातली आहे. पण तीन महिन्यांत ट्रंकवर कोणी फंक्शनचे पॅरामीटर बदलले आणि ब्रँचवर दुसऱ्याने त्याच फंक्शनला सात नव्या ठिकाणांहून बोलावलं, तर ते कुठल्याच साधनाला दिसत नाही. ओळी वेगळ्या, फायली वेगळ्या, मर्ज बिनबोभाट होतो आणि बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं) तुटतं. तुमचे चार दिवस बहुधा यातच गेले असणार.

यावरचा उपाय तुम्ही उद्यापासून, एसव्हीएनमध्येच, सुरू करू शकता. ब्रँचच्या मुळाशी उभं राहायचं, आधी ‘एसव्हीएन अपडेट’, मग ‘एसव्हीएन मर्ज ^/ट्रंक’, चाचण्या चालवायच्या, कमिट. आठवड्यातून किमान एकदा, जमलं तर रोज. ‘ब्रँचच्या मुळाशी’ हे शब्द सोडू नका. कोणी घाईत एखाद्या आतल्या फोल्डरवरच मर्ज चालवला की त्या फोल्डरला वेगळं मर्जइन्फो चिकटतं, आणि पुढच्या प्रत्येक मर्जमध्ये ज्यांना कोणी हातही लावला नाही अशी डझनभर फोल्डरं ‘बदललेली’ दिसू लागतात. नऊ वर्षांच्या रेपोत हे झालेलं असण्याची शक्यता दाट आहे. ‘एसव्हीएन प्रॉपगेट’ला रिकर्सिव्ह (आतल्या सगळ्या फोल्डरांसकट) पर्याय देऊन मर्जइन्फो कुठे कुठे चिकटलंय ते एकदा बघून घ्या.

आता मूळ फरक. एसव्हीएनच्या केंद्रित पद्धतीत इतिहास सर्व्हरवर राहतो, तुमच्याकडे फक्त एका क्षणाची प्रत असते. गिटच्या वितरित पद्धतीत इतिहास प्रत्येकाच्या मशीनवर असतो. बाकीचे सगळे फायदे-तोटे या एका गोष्टीतून निघतात. एसव्हीएनच्या लपवलेल्या फोल्डरात चेकआउट केलेल्या (सर्व्हरवरून उतरवलेल्या) प्रत्येक फाइलची मूळ प्रत असते, म्हणून ‘स्टेटस’, साधा ‘डिफ’ (काय बदललं ते बघणं) आणि ‘रिव्हर्ट’ नेटवर्कशिवाय चालतात. लॉग, ब्लेम (कुठली ओळ कोणी बदलली ते बघणं), जुन्या रिव्हिजनशी तुलना, कमिट, ब्रँच बदलणं या सगळ्यांना मात्र सर्व्हर लागतो. गिटमध्ये नेटवर्क लागतं ते क्लोन (अख्खा रेपो उतरवणं), फेच व पुल (नवे बदल आणणं) आणि पुश (आपले बदल पाठवणं) एवढ्यांनाच. तुमचं दुसरं ठिकाण चहा पीत बसतंय, त्याचं कारण हे. स्थलांतराच्या बाजूने तुमच्या पत्रातला सगळ्यात भक्कम मुद्दाही हाच, मर्जचा नव्हे.

(ज्यांना काही कारणाने एसव्हीएन सोडताच येत नाही त्यांच्यासाठी: अपाची वेब सर्व्हरमार्फत एसव्हीएन चालवत असाल तर दुसऱ्या ठिकाणी आरसा-सर्व्हर बसवता येतो. वाचणं तिथल्या तिथे होतं, लिहिणं तेवढं मूळ सर्व्हरकडे जातं. अर्ध्या तक्रारी यानेच मिटतात आणि तरी फार कमी जण तो बसवतात.)

एक फरक मात्र क्वचितच कोणी सांगतं, आणि कोडच्या दृष्टीने तो नेटवर्कपेक्षा मोठा आहे. एसव्हीएन कमिट घेताना एवढंच बघतं की तुम्ही बदललेल्या फायली जुन्या झाल्या आहेत का. समजा, सकाळी दोघांनी अपडेट घेतलं. एकाने कर मोजायच्या फाइलमध्ये रक्कम पैशांत धरायला सुरुवात केली आणि कमिट केला. दुसऱ्याने पावती छापायच्या फाइलमध्ये तीच रक्कम रुपयांत आहे असं धरून बदल केला आणि कमिट केला. फायली वेगळ्या, म्हणून दोन्ही कमिट गेले. ट्रंकवर आता जे मिश्रण आहे ते या दोघांपैकी कोणाच्याही मशीनवर कधीच अस्तित्वात नव्हतं, त्याची चाचणी कोणी केलेली नाही. गिटमध्ये दुसऱ्याचा पुश नाकारला जातो, मग त्याने कुठलीही फाइल बदललेली असो. त्याला आधी पहिल्याचा कमिट आणून आपल्या कामाशी जोडावा लागतो. म्हणजे ते मिश्रण निदान एका माणसाच्या मशीनवर तयार होतं, आणि त्याला चाचणी चालवायची संधी मिळते. तो ती चालवतो की नाही, हा वेगळा विषय.

नव्या मुलांना हेही सांगा की पुल रिक्वेस्टवर (‘माझी ब्रँच मुख्य ब्रँचमध्ये घ्या’ अशा विनंतीवर) काम सुरू केलं की ही ढाल हळूच गळून पडते. गिटहबसारखी होस्टिंग सेवा ओळींचा कॉन्फ्लिक्ट (टक्कर) नसेल तर सर्व्हरवरच मर्ज करून टाकते, मधल्या काळात मुख्य ब्रँच कितीही पुढे गेलेली असो. ‘मर्जपूर्वी ब्रँच अद्ययावत हवी’ अशा अर्थाची सेटिंग असते, ती पहिल्याच दिवशी चालू करा.

आणि वितरित म्हणजे केंद्र नाही, असंही नाही. गिट वापरणारी जवळपास प्रत्येक टीम एक सर्व्हर ‘खरा’ मानते. तो खरा आहे हे गिटला ठाऊक नसतं, तो टीमचा आपसातला करार असतो. एसव्हीएनमध्ये शिस्त साधन लावतं, गिटमध्ये ती तुम्हाला लावावी लागते. तुमच्या जुन्यांची भीती इथेच आहे, आणि ती खोटी नाही.

डिझायनरांकडे येऊ. इथे मी ठामपणे जुन्यांच्या बाजूने आहे. थर असलेली एखादी ४० एमबीची डिझाइन फाइल घ्या. ती वर्षभरात १५० वेळा सेव्ह करून कमिट झाली. अशा फायली आतून आधीच दाबलेल्या असतात, छोटा बदल केला तरी बरेच बाइट बदलतात, म्हणून दोन आवृत्त्यांमधला फरक तेवढा साठवून फारशी जागा वाचत नाही. हिशोब ६ जीबीच्या आसपास जातो, एका फाइलचा. एसव्हीएनमध्ये ते ओझं सर्व्हरवर राहतं. डिझायनरच्या मशीनवर ४० एमबीची फाइल आणि तिची लपलेली मूळ प्रत, एकूण ८० एमबी. गिटमध्ये ते सहाच्या सहा जीबी प्रत्येक क्लोनमध्ये येतात, ज्या प्रोग्रामरने ती फाइल जन्मात उघडली नाही त्याच्याही. नंतर फाइल डिलीट केली तरी काही हलत नाही, इतिहास तिथेच असतो. गिटहब तर ५० एमबीच्या पुढच्या फाइलला इशारा देतं आणि १०० एमबीच्या पुढची घेतच नाही.

यापेक्षाही मोठी अडचण लॉकची. कोड दोघांनी बदलला तर मर्ज होतो. चित्र दोघांनी बदललं तर एकाचं काम फुकट जातं, मधला मार्ग नसतो. एसव्हीएनमध्ये ही सोय जुनी आणि साधी आहे. फाइलला ‘नीड्स-लॉक’ प्रॉपर्टी लावली की ती सगळ्यांकडे फक्त वाचता येईल अशा स्थितीत उतरते. डिझायनरने फाइल उघडून सेव्ह करायला घेतली की प्रोग्राम म्हणतो, लिहिता येत नाही. तिथेच तिला आठवतं की लॉक घ्यायचं राहिलं. ‘एसव्हीएन लॉक’ चालवलं की फाइल लिहिण्याजोगी होते. दुसऱ्याने आधीच घेतलेलं असेल तर त्याचं नाव दिसतं, मग फोन करायचा. कमिट केला की लॉक आपोआप सुटतं. कोणी लॉक घेऊन सुट्टीवर गेलं तर ‘अनलॉक’ला फोर्सचा पर्याय आहे, पण तो कोणी वापरायचा ते ठरवून ठेवा. आणि ही प्रॉपर्टी हाताने लावत बसू नका. १.८पासून रेपोतल्या फोल्डरवरच ‘ऑटो-प्रॉप्स’ ठेवता येतात, त्या प्रकारची नवी फाइल जोडली की प्रॉपर्टी आपसूक लागते. तिन्ही डिझायनरांचे क्लायंट तेवढे १.८ किंवा पुढचे हवेत.

गिटकडे यावर एलएफएस (लार्ज फाइल स्टोरेज) आहे. मोठी फाइल वेगळ्या साठ्यात जाते आणि रेपोत तीन ओळींची चिठ्ठी राहते: स्वरूपाची आवृत्ती, फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण), आकार. २०१७पासून त्यात लॉकही आहे. मग ते का नको? तुमच्या तीन डिझायनरांसाठी नको, कारण त्यात चुकायच्या जागा फार. ज्याच्या मशीनवर एलएफएस बसवलेलं नाही त्याला चित्राऐवजी ती चिठ्ठीच मिळते, डिझाइनचं सॉफ्टवेअर म्हणतं फाइल खराब आहे, आणि अर्धा दिवस फाइलला दोष देण्यात जातो. फाइल आधी साधी कमिट होऊन नंतर एलएफएसचा नियम लावला तर जुन्या आवृत्त्या इतिहासात तशाच राहतात. त्या काढायला ‘एलएफएस मायग्रेट’ चालवून अख्खा इतिहास पुन्हा लिहावा लागतो. लॉकसाठी सर्व्हरचा पाठिंबा लागतोच. एवढं करून जे मिळतं ते मोठ्या फायलींसाठी केंद्रित सर्व्हरच असतो. तो तुमच्याकडे आधीच आहे, आणि डिझायनरांना वापरता येतो.

तेव्हा सीमा अशी आखा: थरांच्या मूळ फायली एसव्हीएनमध्ये, त्यातून निघालेली अंतिम छोटी चित्रं आणि आयकॉन कोडसोबत गिटमध्ये. चित्र गिटमध्ये टाकताना कमिटच्या संदेशात मूळ फाइलची एसव्हीएन रिव्हिजन लिहायची. दोन रेपोंना बांधणारा धागा एवढाच, पण दोन वर्षांनी ‘हे बटण कुठल्या फाइलमधून आलं’ हा प्रश्न पडेल तेव्हा तोच कामाला येईल.

कंत्राटदाराचा मुद्दा थोडक्यात संपतो. एसव्हीएनमध्ये फोल्डरनिहाय वाचायची परवानगी देता येते. गिटमध्ये येत नाही: ज्याला क्लोन करता येतं त्याला त्या रेपोतलं सगळं दिसतं, इतिहासासकट. लिहिण्यावर बंधनं घालता येतात, वाचण्यावर नाही. म्हणून वेगळा रेपो. तो मुख्य कोडला सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेला दुसरा रेपो) म्हणून जोडाल तर एक खड्डा लक्षात ठेवा: मुख्य रेपो सबमॉड्यूलचा नेमका एक कमिट पकडून ठेवतो. आतला कमिट पुश करायचा राहिला आणि बाहेरचा पुश झाला, तर बाकी सगळ्यांचं अपडेट मोडतं, कारण तो कमिट त्यांना मिळतच नाही. ‘पुश’ला ‘रिकर्स-सबमॉड्यूल्स=चेक’ ही सेटिंग कायमची लावून टाका, मग असा पुश जागीच अडतो. कंत्राटदाराचं काम महिन्यातून एकदाच येत असेल तर सबमॉड्यूलच्या वाटेला न जाता त्याचं तयार पॅकेज घेतलेलं बरं.

मर्क्युरियल या गिटसारख्याच वितरित साधनाचं नाव कोणी काढलं तर: साधन उत्तम, गिटइतकंच जुनं. दोन्ही एप्रिल २००५मध्ये सुरू झाली, बिटकीपर या अशाच साधनाची फुकट परवानगी लिनक्सवाल्यांच्या हातून गेली म्हणून. पण बिटबकेट या होस्टिंग सेवेने २०२०मध्ये मर्क्युरियलचा पाठिंबा काढून घेतला, पायथॉनने २०१७मध्ये आणि जावाच्या ओपनजेडीकेने २०२०मध्ये मर्क्युरियल सोडून गिट धरलं. आज नव्याने निवडताना वितरित म्हणजे व्यवहारात गिटच.

आता प्रत्यक्ष स्थलांतर. एका शनिवार-रविवारात उरकू असं कोणी म्हणालं तर थांबवा. रविवारी कळ दाबायची असते, पण त्याआधी किमान दोन रंगीत तालमी लागतात.

तालीम चालू सर्व्हरवर करू नका. ‘एसव्हीएनअ‍ॅडमिन हॉटकॉपी’ने रेपोची प्रत काढा, ती ज्या मशीनवर रूपांतर करायचं तिथे ठेवा आणि स्थानिक फाइलचा पत्ता देऊन ‘गिट एसव्हीएन क्लोन’ चालवा. हे साधन एकेक रिव्हिजन मागून घेतं. पंधरा हजार रिव्हिजन नेटवर्कवरून आणायला लागणारा वेळ आणि स्थानिक डिस्कवरून लागणारा वेळ यांची तुलनाच नको. मध्येच तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका, ‘गिट एसव्हीएन फेच’ राहिलं तिथून पुढे चालतं.

त्याआधी नावांची फाइल लागते. ‘एसव्हीएन लॉग’मधून आजवरची सगळी युजरनावं काढा आणि प्रत्येकासमोर पूर्ण नाव व ईमेल लिहा. नऊ वर्षांत सोडून गेलेले, बिल्ड सर्व्हरचं खातं, कोणी तरी एकदा मोठ्या अक्षरांत टाकलेलं नाव, सगळी. एक जरी राहिलं तरी रूपांतर त्या रिव्हिजनवर थांबतं, आणि ते बहुतेक पहाटे तीनला थांबतं.

फोल्डरांची रचना ट्रंक, ब्रँचेस, टॅग्ज (रिलीजला लावलेल्या नावाच्या खुणा) अशी सरळ असेल तर ‘स्टँडर्ड लेआउट’चा पर्याय पुरतो. पण जुन्या रेपोंत पहिली काही वर्षं सगळं मुळाशीच असतं आणि मग एके दिवशी कोणी तरी ते ट्रंकमध्ये हलवतं. तसं असेल तर त्या दिवसाआधीचा इतिहास नीट जुळत नाही. पहिल्या हजारेक रिव्हिजनचा लॉग डोळ्यांखालून घाला. जुनी वर्षं खरंच हवीत का, हेही विचारा. ‘अमुक रिव्हिजनपासून पुढे’ एवढंच आणणं हा प्रामाणिक पर्याय आहे, मागचं बघायला एसव्हीएन आहेच.

आता तुमच्या बग ट्रॅकरमधला ‘आर ४५१२’. रूपांतराच्या बहुतेक मार्गदर्शिका ‘नो-मेटाडेटा’ पर्याय द्यायला सांगतात, म्हणजे कमिटचे संदेश स्वच्छ राहतात. तुम्ही तो देऊ नका. तो न दिल्यास प्रत्येक संदेशाखाली एक ओळ येते, तिच्यात एसव्हीएनचा पत्ता आणि त्याला जोडून रिव्हिजन नंबर असतो. दिसायला कुरूप, पण ‘गिट लॉग’ला ‘ग्रेप’ देऊन ‘@४५१२’ शोधलं की नेमका कमिट हाती येतो. स्थानिक प्रतीवरून रूपांतर करताय, म्हणून त्या ओळीत स्थानिक पत्ता येऊ नये यासाठी ‘रीराइट-रूट’मध्ये खरा पत्ता द्या. पुढच्या नोंदींसाठी चढता क्रमांक मिळणार नाही. गिटमध्ये कमिटची ओळख ४० अक्षरी हॅशने होते आणि दोन हॅशांपैकी आधीचा कुठला हे बघून कळत नाही. रिलीजला टॅग लावत राहिलात तर ‘गिट डिस्क्राइब’ हे शेवटचा टॅग, त्यानंतर किती कमिट झाले आणि छोटा हॅश असं एकत्र देतं. बिल्डवर तेच छापा.

रूपांतरानंतर टॅग ब्रँचसारखे येतात, कारण एसव्हीएनमध्ये टॅग ही नुसती प्रत असते. ते खऱ्या टॅगांमध्ये बदलून घ्या. त्यात एखाद्या टॅगवर नंतर कोणी कमिट केलेला सापडेल. एसव्हीएन ते अडवत नाही. त्या वेळी ग्राहकाकडे नेमकं काय गेलं होतं ते शोधून काढावं लागेल.

पडताळणी अशी: एसव्हीएनमधून ट्रंकचं टोक ‘एक्स्पोर्ट’ करा, गिटमधून तेच काढा आणि दोन फोल्डरांची पूर्ण तुलना करा. एक्स्पोर्टला ‘इग्नोर-कीवर्ड्स’ पर्याय द्या, नाहीतर फाइलच्या डोक्यावरच्या रिव्हिजन-तारखेच्या आपोआप भरल्या जाणाऱ्या ओळी शेकडो खोटे फरक दाखवतील. त्या ओळी गिटमध्ये तशा भरल्या जात नाहीत, त्यांवर कुठली स्क्रिप्ट विसंबून असेल तर तीही आत्ताच शोधा. रिकामी फोल्डरं गिट ठेवत नाही, तो फरक दिसेलच. एखादा प्रोग्राम लॉग लिहायला तयार फोल्डर शोधत असेल तर तिथे एक छोटी फाइल टाकून ठेवा. शेवटच्या पाच-सहा रिलीज टॅगांचीही अशीच तुलना करा.

ओळींच्या शेवटांचा प्रश्न इथेच मिटवा. एसव्हीएनमध्ये तो प्रॉपर्टीतून सुटत होता, गिटमध्ये ‘गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइलमधून सुटतो. ती पहिल्या दिवशी नसेल तर विंडोजवाल्याने एक ओळ बदलली तरी डिफमध्ये अख्खी फाइल बदललेली दिसते, आणि ब्लेममध्ये सगळ्या ओळी त्याच्याच नावावर जातात.

मग वजन. ‘गिट काउंट-ऑब्जेक्ट्स’ने आकार बघा. कोणी पाच वर्षांपूर्वी चुकून टाकलेला डेटाबेसचा डंप, बिल्डच्या झिप फायली, सगळं यात निघतं. ‘फिल्टर-रेपो’ने ठरावीक आकारापुढच्या फायली इतिहासातून काढता येतात, १० एमबीची रेषा सुरुवातीला बरी. पण त्याने पुढचे सगळे हॅश बदलतात, म्हणून हे काम रेपो वाटण्याआधीच करायचं. जुन्या कमिटांमध्ये पासवर्ड सापडला तर तो आधी बदला, पुसायचं नंतर बघा. तो आता प्रत्येकाच्या लॅपटॉपवर जाणार आहे, हे विसरू नका.

कळ दाबायच्या दिवशी एसव्हीएनमधल्या कोडच्या फोल्डरांवरची लिहिण्याची परवानगी काढा, डिझाइनचं फोल्डर चालू ठेवा, ताजी हॉटकॉपी घेऊन शेवटच्या रिव्हिजन आणा, वरची पडताळणी पुन्हा करा, बिल्ड सर्व्हर नव्या पत्त्यावर वळवा. गिट सर्व्हर स्वतःचा असेल तर जबरदस्तीचा पुश आणि ब्रँच डिलीट करणं बंद करणाऱ्या दोन्ही सेटिंग चालू करा. होस्टिंग सेवा असेल तर मुख्य ब्रँचला संरक्षण लावा.

बॅकअप चालूच ठेवा. ‘प्रत्येक क्लोन म्हणजे बॅकअप’ हे अर्धंच खरं आहे. ज्याने जे फेच केलं तेवढंच त्याच्याकडे असतं, सर्व्हरवरचे हुक (आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) आणि परवानग्या कोणाकडेच नसतात. रोज रात्री ‘मिरर’ क्लोन अद्ययावत होऊ द्या, आणि एसव्हीएनची हॉटकॉपी चालू आहे ती तशीच.

पहिले दोन आठवडे जुन्यांच्या शेजारी कोणी तरी बसलेलं असू द्या. त्यांना गिट अवघड जातं ते नव्या शब्दांमुळे नव्हे, जुनेच शब्द वेगळ्या अर्थाने येतात म्हणून. एसव्हीएनचं ‘रिव्हर्ट’ तुमचे न कमिट केलेले बदल टाकून देतं. गिटचं ‘रिव्हर्ट’ एखादा जुना कमिट उलटवणारा नवा कमिट तयार करतं. एसव्हीएनमध्ये फाइल एकदा ‘अ‍ॅड’ केली की झालं, गिटमध्ये प्रत्येक बदलानंतर करावी लागते, नाहीतर तो कमिटमध्ये जातच नाही. फाइलचं नाव बदलणं एसव्हीएन नोंदवतं. गिट काहीच नोंदवत नाही, नंतर मजकुराच्या साम्यावरून अंदाज बांधतं, मुळात ५० टक्क्यांची रेषा धरून. म्हणून नाव बदललं की तेवढाच कमिट करा आणि आतले बदल पुढच्या कमिटमध्ये, नाहीतर फाइलचा मागचा इतिहास तुटल्यासारखा दिसतो. ‘ब्लेम’ मात्र दोन्हीकडे तेच आहे. एसव्हीएनमध्ये त्याच आज्ञेला ‘प्रेज’ असंही नाव आहे, पण शोधताना कौतुक करायचं कोणाच्या मनात असतं?

सगळ्यात घातक शब्द ‘कमिट’. नऊ वर्षं ‘कमिट केला’ म्हणजे सर्व्हरवर पोहोचला, सुरक्षित झाला. गिटमध्ये तो फक्त तुमच्या लॅपटॉपवर असतो. शुक्रवारी कमिट करून माणूस घरी जातो, सोमवारी डिस्क गेलेली असते. पहिला महिनाभर रोज संध्याकाळी एक नियम ठेवा: अर्धवट काम असलं तरी स्वतःच्या ब्रँचवर पुश करून उठायचं. उलट बाजूने, ‘माझं काम गायब झालं’ असं कोणी घाबरून सांगत आलं आणि ते एकदा तरी कमिट झालेलं असेल, तर बहुधा काही गेलेलं नसतं. त्याच मशीनवर ‘गिट रिफ्लॉग’ चालवा. कुठल्याही ब्रँचवर न उरलेले कमिटसुद्धा त्यात साधारण ३० दिवस सापडतात. हॅश उचला, त्यावर नवी ब्रँच काढा, काम परत. कमिटच केलेलं नसेल तर मात्र रिफ्लॉगमध्ये काही मिळणार नाही.